वायझेड२५०एफ: किकला दाद न देणाऱ्या गाडीच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

गाडी छोट्या हत्तीतून उतरवली. यामाहा वायझेड२५०एफ, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटोक्रॉस बाइक, २००७चं मॉडेल. फोर स्ट्रोक, एक सिलिंडर, पाच व्हॉल्व्ह (इनटेकचे तीन, एक्झॉस्टचे दोन), कॉम्प्रेशन रेशो १२.५:१, केहिनचा एफसीआर कार्बोरेटर. बॅटरी नाही, सेल्फ नाही, हेडलाइट नाही, नंबरप्लेटचा तर प्रश्नच नाही. ही गाडी ट्रॅकवरच चालवायची, रस्त्यावर काढायचीच नाही. त्यामुळे घर ते ट्रॅक टेम्पोशिवाय गत्यंतर नाही, आणि बिघडली तर ढकलत न्यायलाही कुठे गॅरेज जवळ नाही.

विकणाऱ्याने "थोडं ट्यूनिंगचं काम आहे" असं सांगितलं होतं. जुन्या गाड्यांच्या बाजारात या वाक्याची किंमत साधारण एका इंजिन हेडाएवढी (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) असते. तरी घेतली, कारण फ्रेम सरळ आहे, सस्पेन्शन कोरडं आहे, आणि भाव तसाच लागला.

संध्याकाळी बूट घालून किका मारल्या. एकदाही फुटली नाही. सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास मात्र भरपूर. किक खाली जाताना अगदी लोण्यात सुरी गेल्यासारखी गेली. या इंजिनाच्या एक्झॉस्ट कॅमवर (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) ऑटो डीकॉम्प्रेसर आहे, तो किक मारताना थोडा दाब सोडून देतो, त्यामुळे किक थोडी हलकी लागणारच, पण इतकी? हे लिहून ठेवतो.

भाच्याचं निदान तयार होतं. "मामा, प्लग बदला. प्लगच असणार."

१० जून, मंगळवार

प्लग बदलला (एनजीकेचा सीआर८ई, गॅप ०.७). जुना ओला आणि काळा निघाला, पण मेलेला नव्हता. हेडवर टेकवून किक मारली तर करंट निळा, ठसठशीत. किल स्विचची वायर काढून पुन्हा पाहिलं, फरक नाही. म्हणजे इग्निशनवरचा संशय संपला. उलट्या किकेने फ्लायव्हीलची चावी तुटली की टायमिंग सरकतं, म्हणून डावीकडची खिडकी उघडून टायमिंगची खूणही तपासली. जागच्या जागी.

१५ जून, रविवार

कार्बोरेटर. गाडी दोन पावसाळे टाकीत पेट्रोल ठेवून उभी होती, तेव्हा हे काम कधीतरी करायचंच होतं.

एफसीआर बाहेर काढणं हीच शिक्षा आहे. मागचा सबफ्रेम सैल करून वर उचलला, मगच तो एअरबॉक्सच्या रबरातून सुटतो. फ्लोट बाऊल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) उघडला तर तळाशी पांढरट पूड आणि कडेला गुळाच्या पाकासारखा पिवळा थर. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बंद बाऊलमध्ये महिनोन्‌महिने राहिलं की धातूवर असा चुना चढवतं. आता पंपावर बहुतेक सगळीकडे ई२०च (२० टक्के इथेनॉलचं) मिळतं, त्यामुळे ज्यांच्याकडे कार्बोरेटरवाली गाडी कमी वापरात आहे त्यांनी उभी करण्याआधी बाऊलचा बोल्ट काढून पेट्रोल सांडून टाकलेलं बरं. मी यापुढे या गाडीत एक्सपी१०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं, इथेनॉल न मिसळलेलं पेट्रोल) भरणार आहे. पुण्यात मिळतं, महाग आहे, पण ट्रॅकवर जाऊन लागतं किती?

पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) उजेडाकडे धरला तर भोक दिसेना. जेटवरचा आकडा ४२, म्हणजे भोक साधारण ०.४२ मिलिमीटर. इतक्या बारीक भोकात सुई घालू नये. सुईने पितळ ओरखडतं आणि ४२चा जेट कायमचा पंचेचाळीसचा होतो. बारीक वायर सोलून तांब्याची एक तार काढली, कार्ब क्लीनर मारला, तार घातली, परत क्लीनर. शेवटी गोल, स्वच्छ उजेड दिसला.

हॉट स्टार्टचा प्लंजरही काढून पाहिला. गरम इंजिन पुन्हा सुरू करताना जादा हवा आत सोडून मिश्रण पातळ करणं हे त्याचं काम. त्याची केबल ताठ राहिली तर तो कायम किंचित उघडा राहतो आणि थंड इंजिन मग काही केल्या पेटत नाही. इथे केबलला ढील होती, प्लंजर नीट बसत होता.

गाडी बांधली, चोक ओढला, किका मारल्या. फुट्ट असा एक आवाज, सायलेन्सरमधून धुराचा एक भपका, आणि पुन्हा शांतता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

२१ जून, शनिवार

नाना पेठेत एअर फिल्टर आणि कार्बचं पॅकिंग आणायला निघालो होतो. दोन्ही पालख्या मुक्कामाला शहरात आहेत: माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेतच. रस्ते बंद. स्पेअर पार्ट्सच्या गल्लीत वारकऱ्यांना चहा-पोहे वाटणं चालू होतं आणि दुकानाची शटरं अर्धी. चहा घेऊन परत आलो.

२२ जून, रविवार

आजची नोंद महत्त्वाची आहे.

सोसायटीच्या मागे खासगी प्लॉटला लांब कच्चा उतार आहे. गाडी वर नेली, दुसऱ्या गियरमध्ये क्लच धरून सोडली, वेग आल्यावर सीटवर आपटून क्लच सोडला. एका झटक्यात सुरू! आयडलिंग जरा वरखाली, पण रेस घेते, आवाज खणखणीत. बंद केली, लगेच किक मारली, तर ढिम्म. परत उतारावरून सोडली तर परत सुरू.

करंट आहे, पेट्रोल आहे, धक्क्याने सुरू होते आणि किकवर होत नाही. या लक्षणाला एकच नाव आहे: टॅपेट टाइट, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला बारीक गॅप संपलेला. इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. किक मारताना क्रँक सावकाश फिरतो, तेवढ्या वेळात दाबलेली हवा त्या फटीतून कार्बोरेटरकडे पळून जाते. उतारावर क्रँक कितीतरी जोरात फिरतो, गळायला वेळच मिळत नाही, म्हणून पेटते. परवाची ती हलकी किक हेच सांगत होती.

लोक इथेच महिने घालवतात. प्लग, कॉइल, सीडीआय, जेट, सगळं बदलून होतं, कारण ते बाहेरून बदलता येतं. टॅपेटसाठी टाकी, सीट, व्हॉल्व्ह कव्हर काढावं लागतं. मग कुणीतरी "ही गाडी अशीच आहे, हिला किक जोरात लागते" असं म्हणतो आणि गाडी दोन वर्षं उभी राहते.

२९ जून, रविवार

टॅपेट उघडण्याआधी हवेची चाचणी. साधं कॉम्प्रेशन गेज इथे फसवतं, कारण किकच्या वेगाला ऑटो डीकॉम्प्रेसर मुद्दाम थोडं कॉम्प्रेशन सोडत असतो. आकडा कमी आला तरी काही सिद्ध होत नाही. त्यामुळे लीक-डाउन: सिलिंडरात हवा भरायची आणि ती कुठून गळते ते ऐकायचं.

त्याचं अवजार घरीच बनवलं. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली आणि पोकळ बुडख्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह वेल्ड करून घेतला. पिस्टन टॉपला आणला, गाडी गियरमध्ये टाकली, भाच्याने मागचा ब्रेक दाबून धरला, आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जोडला. पंक्चरवाला स्वतःच उत्सुकतेने उभा. आता फक्त कान लावायचा. सायलेन्सरला कान लावला, काही नाही. क्रँककेसच्या ब्रीदरमधून किंचित फुसफूस, ती तर प्रत्येक इंजिनात असते. रेडिएटरचं झाकण उघडं होतं, बुडबुडे नाहीत. कार्बोरेटरच्या तोंडाशी मात्र सरळ शिट्टी.

"दादा, सायकलच्या ट्यूबचा पण एवढा आवाज येत नाही," पंक्चरवाला म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

६ जुलै, आषाढी

उपास, सुट्टी, आणि टॅपेट.

टाकी काढली, व्हॉल्व्ह कव्हर काढलं. प्लगच्या खळग्यातली माती आधी हवा मारून साफ केली, नाहीतर ती थेट सिलिंडरात जाते. इंजिन थंडच हवं. पिस्टन टॉपला, फ्लायव्हीलची खूण खिडकीत, कॅमचे टोक व्हॉल्व्हपासून दूर. फीलर गेजची पाती (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) गॅपमध्ये एकेक करून घातली.

इनटेकला हवं ०.१० ते ०.१५ मिमी. उजवा ०.०५. मधला ०.०६. डावा: ०.०४चं पातंही शिरेना. एक्झॉस्टला हवं ०.१७ ते ०.२२, दोन्ही बरोबर, ०.१८ आणि ०.१९.

एक्झॉस्ट ठणठणीत आणि इनटेक तिन्ही गेलेले, याचा अर्थ धूळ. इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत. हलके, म्हणून इंजिन तेरा हजारांच्या वर आरपीएम खेचू शकतं. पण टायटॅनियम मऊ, त्याच्यावर कडक मुलामा असतो. धूळ तो मुलामा खाते, मग व्हॉल्व्हचं तोंड झिजून सीटमध्ये (हेडमधलं, व्हॉल्व्ह टेकतो ते कडं) आत-आत जातं आणि टॅपेटचा गॅप बंद होत येतो. एअर फिल्टर काढून पाहिला तर फोम कडेला फाटलेला, आणि त्याच्या मागच्या नळीत बोट फिरवलं की बोट तांबडं. आधीच्या मालकाने फिल्टरला तेल कधी लावलं होतं, कोण जाणे.

१३ जुलै, रविवार

शिमचं काम. हे सावकाश लिहितो, कारण अवघड काही नाही पण पसरट आहे.

टायमिंग चेनला लोखंडी तार बांधून फ्रेमला अडकवली. चेन आत पडली तर दुपार गेली. चेनच्या बोगद्यात स्वच्छ फडकं कोंबलं, कारण कॅमच्या बेअरिंगजवळची अर्धचंद्र क्लिप नेमकी तिथेच घरंगळते. कॅमवरच्या खुणांचे फोटो काढले. कॅपचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे सैल केले. कॅम वर आले. लोहचुंबकाने बकेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या टोप्या) उचलल्या. शिम म्हणजे जेमतेम बटणाएवढी चकती, तिच्या जाडीवर टॅपेटचा गॅप ठरतो, ती स्प्रिंगच्या रिटेनरवर बसलेली असते. पण तेलामुळे कधी कधी बकेटच्या पोटाला चिकटून वर येते आणि भलत्याच क्षणी पडते. म्हणून बकेट उचलली की आधी उलटी करून पाहायची. डावीची तशीच आली.

शिमवरचे आकडे: डावी १७५, मधली १८०, उजवी १८०. म्हणजे १.७५ आणि १.८० मिमी. ०.०५च्या पायरीने मिळतात.

मधल्याचा हिशेब सरळ. १.८०ला गॅप ०.०६, तर १.७५ घातली की ०.११. उजव्याला १.७५ घातली तर ०.१०, अगदी काठावर, १.७० घातली तर ०.१५, वरच्या काठावर. इनटेकचा गॅप दिवसेंदिवस कमीच होत जातो, म्हणून वरचा काठ घेतला. डाव्याची गंमत वेगळी. पातंच शिरत नाही, म्हणजे गॅप शून्य आहे की शून्याच्याही खाली, ते कळायला मार्ग नाही. तिथे मुद्दाम पातळ १.५०ची घातली, कॅम बसवला, मोजलं: ०.२२. म्हणजे मूळ १.७५च्या शिमने तो व्हॉल्व्ह ०.०३ मिमी उघडाच धरून ठेवला होता. कॉम्प्रेशन कुठून येणार? तिथे १.६० घातली, म्हणजे गॅप ०.१२.

शिमचा संच नाशिकच्या एका मिस्त्रीकडून कुरिअरने मागवला होता. डर्ट रेसिंग त्या गावात मुरलेलं आहे, असली चिल्लर तिथे निघते. कुणी कुणी शिम काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून पातळ करतात. मी करणार नाही. वरचा कडक थर गेला की खाली उरतं ते मऊ, आणि चकतीच्या दोन बाजू समांतर राहिल्याची खात्री कोण देणार?

कॅप १० न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने. इथे हाताचा अंदाज चालवायचा नाही, हेडमधले आटे अल्युमिनियमचे आहेत. क्रँक हाताने दोनदा पूर्ण फिरवला, खुणा परत जुळवल्या, परत मोजलं. तिन्ही गॅप मर्यादेत.

अंधार पडला होता. तरी एक किक मारलीच. किक अर्ध्यात अडली, पायाला पहिल्यांदा इंजिन लागलं. चोक ओढला, किक. सुरू झाली. काकूंची खिडकी आधीच बंद होती.

२० जुलै, रविवार

ट्रॅक. पाऊस थांबलेला, माती जड. भाच्याला किक शिकवली, ती इथे लिहून ठेवतो, कारण टॅपेट बरोबर असले तरी ही गाडी चुकीच्या किकेवर रुसते.

पेट्रोल चालू, न्यूट्रल, थंड असेल तर चोक. किक सावकाश दाबत न्यायची, जिथे घट्ट लागेल तिथे थांबायचं. आता किक पूर्ण वर येऊ द्यायची. मग अंगाचं वजन टाकून एकच लांब किक, थेट तळापर्यंत. घाईघाईच्या चार अर्ध्या किकांपेक्षा ही एक कामाची, कारण बॅटरी नसलेल्या गाडीत करंटही क्रँकच्या वेगावरच तयार होतो.

आणि किक मारताना रेस द्यायची नाही. अजिबात नाही. एफसीआरमध्ये ॲक्सिलरेटर पंप आहे. मूठ पिळली की तो पेट्रोलची पिचकारी थेट इनटेकमध्ये मारतो. थंड इंजिनाला सुरुवातीला एक-दोनदा पिळणं ठीक, तेवढ्याने सुरुवातीचं पेट्रोल आत जातं. पण स्प्लेंडर-पल्सरवर वाढलेला हात किकबरोबर आपोआप फिरतो आणि प्लग भिजतो. भिजलाच तर चोक बंद, मूठ पूर्ण उघडी धरून पाच-सहा किका, म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर पडतं. मग मूठ सोडून पहिल्यापासून.

पडल्यावर गाडी आडवी राहिली, इंजिन गरम असलं, तर डाव्या मुठीजवळचा हॉट स्टार्टचा लिव्हर ओढून किक, आणि पेटली की लिव्हर सोडायचा. भाचा वळणावर पडला, लिव्हर ओढला, रेस न देता किक मारली, उठून गेला. शेजारच्या टेम्पोतला एक पोरगा चपलेवर किक मारत होता. त्याला बूट दिले. उलटी किक घोट्याला ओळखत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दोन वेळा ट्रॅक झाला, म्हणून टॅपेट पुन्हा उघडले. उजवा ०.१५, हललेला नाही. मधला ०.१०. डावा ०.०६.

एवढ्याशा चालवण्यात ०.०६ मिमी. हा व्हॉल्व्ह गेलेला आहे. आणखी पातळ शिम घालून अजून एखादा रविवार मिळेल, पण ती वाट खाली जाते: मुलामा संपलेला व्हॉल्व्ह झपाट्याने झिजतो, आणि शेवटी डोकं तुटून पिस्टनवर पडतं. हेड काढायचं.

१० ऑगस्ट, रविवार

हेड टेबलावर. स्प्रिंगसकट उलटं धरून इनटेक पोर्टमध्ये रॉकेल ओतलं. उजव्या व्हॉल्व्हशी कोरडं. मधल्याशी ओलसर रेघ. डाव्याशी थेंब-थेंब.

डावा व्हॉल्व्ह बाहेर काढून बोटात फिरवला. जिथे सपाट तिरकी कड असायला हवी, तिथे नखाला लागेल असा खोल चर आणि कडेला बाहेर वळलेली धार. नवा व्हॉल्व्ह पाहिलेल्या माणसाला हा हातात घेतल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही.

भाच्याने विचारलं, "पेस्ट लावून घासला तर?" लोखंडी व्हॉल्व्हला ते चालतं. टायटॅनियमला पेस्ट लावली की उरलेला मुलामाही आपल्याच हाताने गेला.

तिन्ही इनटेक स्टेनलेस स्टीलचे घालायचे ठरवले, सोबत जड व्हॉल्व्हला पेलतील अशा कडक स्प्रिंगा. वरचे काही आरपीएम जातील. आम्ही दोघं रविवारी उड्या मारणारी माणसं, ते आरपीएम आम्हाला सापडलेच नव्हते.

२४ ऑगस्ट, रविवार

बोरिंगवाल्याकडे (इंजिनच्या भागांचं मशीनकाम करणारा) व्हॉल्व्हच्या सीट कापून झाल्या, ३०-४५-६० अंशांत. त्याने नवे व्हॉल्व्ह मागवून घेतल्याशिवाय सीटला हात लावला नाही, ते बरं केलं. मधली ४५ अंशांची पट्टी साधारण एक मिलिमीटर रुंद, सगळीकडे सारखी. रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी तिन्ही कोरडे.

बोरिंगवाला म्हणाला, गणपतीच्या आत सगळ्यांनाच गाड्या हव्यात, तुमची ही नंबर नसलेली गाडी कशाला एवढी घाईची? उत्तर नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज शहर झोपलेलं. हेड बसवलं, नवं पॅकिंग, नवे वॉल्व्ह सील, तिन्ही इनटेक ०.१३ ते ०.१४वर. एअर फिल्टर नवा, तेलात मुरवून पिळलेला, कडेला ग्रीस. टॉप शोधला, एक किक, सुरू. गरम होऊ दिली, बंद केली, पूर्ण थंड केली, हे चक्र परत केलं.

२१ सप्टेंबर, रविवार

ट्रॅकवरून आल्यावर मोजलं. डावा ०.१२, मधला ०.१३, उजवा ०.१३. नव्या सीट बसताना एवढं हलतंच. एक्झॉस्ट ०.१८ आणि ०.१९, जसेच्या तसे. आता क्लच गरम झाल्यावर ओढायला लागला आहे, प्लेट मागवल्या.